पट, हजेरी आणि दोन शिक्षक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. मीही पंचायत समितीच्या शिक्षण विभागात नोकरी केली आणि शाळा तपासणीच्या निमित्ताने कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर फिरलो. म्हणून आज मी शाळेच्या कारभारावर बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. मुलांना कसे शिकवावे यावर पुस्तके निघतात, शिबिरे होतात. शाळा चालते कशी, तिथला पट, तांदूळ, वीजबिल, बदल्या, गळके छप्पर कोण आणि कशाच्या जोरावर सांभाळते, हे मात्र सभेत कुणी बोलत नाही. वाडीवरच्या चौथीतल्या मुलीला वाचता येते की नाही, हे बऱ्याच अंशी याच गोष्टींवर ठरते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आपला हा रायगडचा समुद्र न दिसणारा भाग. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, मधून वाहणाऱ्या उल्हास, पेज, चिल्लार, पाताळगंगा. १८५६ साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. म्हणजे आधुनिक जग आपल्या दारात येऊन दीडशे वर्षे उलटून गेली. आज खालापूरच्या टोलनाक्यावरून अखंड वाहतूक चालते, कर्जतच्या भातखाचरांवर मुंबईकरांची फार्महाउस उभी राहिली आहेत, खोपोली-रसायनीला कारखाने आहेत. त्याच रस्त्यावरून वर पाहिले तर डोंगरउतारावर ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या दिसतात. पावसाळ्यात ओहोळ भरले की यातल्या कित्येक वाड्यांचा रस्ता बंद होतो. अशा वाडीत सरकारची म्हणून एखादीच पक्की इमारत असते. ती शाळा.

ही शाळा तिथे सहजासहजी आलेली नाही. १८८२ साली शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारला हिशेब विचारला होता. महसूल भरतो शेतकरी आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. वयाच्या किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकाला प्रशिक्षण द्या, त्याचा पगार वाढवा, शक्यतो शेतकरी वर्गातला शिक्षक नेमा, असे त्यांनी सांगितले. आपल्या मातीतले उदाहरण भाई कोतवालांचे. माथेरानच्या या वकिलाने या भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि शाळाही सुरू केल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, हे आपण सगळे जाणतो. त्यांनी शाळा काढल्या, हे मात्र आपण कमी सांगतो.

स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे २००० सालाच्या आसपास वस्तीशाळांची योजना आली. बारावी झालेला एखादा तरुण निमशिक्षक म्हणून नाममात्र मानधनावर कुडाच्या खोलीत, देवळाच्या ओट्यावर मुले घेऊन बसला. आपल्या अनेक वाड्यांवरच्या आजच्या शाळा मूळ त्या वस्तीशाळा आहेत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची, तीन किलोमीटरच्या आत सहावी ते आठवीची शाळा हा मुलाचा हक्क ठरला. शाळा दारात आणण्याचे काम महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर केले, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

आता शाळेच्या वर कोण कोण आहे ते पाहा. मुख्याध्यापकाच्या वर दहा-बारा शाळांचा केंद्रप्रमुख, त्याच्या वर बीटचा विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग अलिबागला शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, मग विभागीय उपसंचालक, पुण्याला संचालक आणि आयुक्त, मुंबईत मंत्रालय. आश्रमशाळांचा कारभार निराळा. त्या आदिवासी विकास विभागाच्या, त्यांचे प्रकल्प कार्यालय पेणला. एकाच वाडीतला धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि थोरली बहीण आश्रमशाळेत असते, पण त्या दोघांची नोंद ठेवणारी खाती एकमेकांशी क्वचितच बोलतात. या सगळ्या उतरंडीतून खाली येणारा प्रत्येक कागद शेवटी एका माणसाच्या टेबलावर येतो. तो माणूस मुख्याध्यापक म्हणवला जात असला तरी प्रत्यक्षात वर्गावर शिकवणारा शिक्षक असतो. कारण साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, हा शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे. इयत्ता पाच, शिक्षक दोन. त्या दोघांतला जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे शाळेचा कार्यभार. कारकून नाही, शिपाई नाही.

भीमाशंकरच्या पायथ्याकडच्या एका शाळेतली सकाळ तुमच्यापुढे ठेवतो. दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले. दोन खोल्या, मधले दार उघडे. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी ते पाचवी दुसऱ्या खोलीत. परिपाठ आटोपून बाईंनी पाचवीला भागाकार दिला, तिसरीला शुद्धलेखन, आणि पहिलीच्या मुलांसमोर चिंचोके मांडले. तेवढ्यात मदतनीस ताई तांदूळ मोजून घ्यायला आल्या. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ. हजेरीशी गुणाकार, साठा नोंदवहीत शिल्लक, डाळ-तेल-मसाल्याची वेगळी नोंद. मग ही उपस्थिती मोबाइलवर भरायची. वर्गात रेंज नाही, म्हणून बाई शाळेमागच्या टेकाडावर गेल्या. परतेपर्यंत केंद्राच्या मोबाइल गटावर निरोप आलेला होता: अमुक योजनेची माहिती विहित नमुन्यात आजच्या आज. बाईंनी माहितीची वही काढली. पहिलीची मुले एव्हाना चिंचोके घेऊन ओट्यावर गेली होती. दुपारी खिचडी झाली, तिची चव आधी बाईंनी घेतली, तशी नोंद केली. त्या दिवशी पहिलीच्या मुलांना बाईंचा सलग वेळ मिळाला तो जेमतेम एका तासिकेएवढा. बाई कामचुकार नव्हत्या. दिवसभरात त्या एकदाही स्वस्थ बसल्या नाहीत.

सरकारी शाळा म्हटले की शिक्षक हजर नसतात, हे विधान ठेवणीतले झाले आहे. २००३ साली देशभर अचानक भेटी देऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीत शाळांतून सरासरी पंचवीस टक्के शिक्षक गैरहजर आढळले. त्याच पाहणीत महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के, म्हणजे पाहिलेल्या मोठ्या राज्यांत सर्वांत कमी होते, आणि त्यात रजेवर किंवा कामानिमित्त बाहेर असलेलेही धरलेले होते. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षक शाळेत असतो, पण मुलांच्या वाट्याला येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. तरीही पोर्टल, सर्वेक्षणे, अभियाने आणि त्यांची छायाचित्रे यांचा ओघ थांबत नाही. कारण ही कामे शैक्षणिकच आहेत, असे प्रत्येक खात्याला मनापासून वाटते.

आता पट आणि हजेरी. शाळेला शिक्षक किती मिळणार हे संच मान्यतेत ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. या तारखेला आपल्या वाड्या भरलेल्या असतात. भात शेतात उभे असते, माणसे घरी असतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांना जावे लागते आणि मुलांना मागे ठेवायला घरात कुणी नसते. पनवेल, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर ती मुले विटा उलटतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. कागदावर पट तीस असतो. माघात जाऊन पाहावे, तर वर्गात दहा-बारा मुले. वर्षभर दोन शिक्षक आणि भट्टीच्या महिन्यांत निम्म्याहून अधिक मुलांचा पत्ताच नाही, अशी ही व्यवस्था.

यावर उपाय काढले गेले नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलाला गावातच ठेवून दोन्ही वेळचे जेवण द्यायचे. शिक्षण हमी पत्रक आहे. ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्या झोपड्यांच्या मध्येच शाळा भरली. साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पण हंगामी वसतिगृहाची मंजुरी कुटुंब निघून गेल्यावर आली तर तिचा उपयोग काय? मजुरांची गाडी भाऊबीजेनंतर कधीही निघते. त्या आधी आठ दिवस निर्णय झाला पाहिजे, आणि कोणते कुटुंब कधी निघणार हे फक्त शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी ताईंना आणि मदतनिसाला ठाऊक असते. ज्यांना माहीत आहे त्यांच्या हाती पैसे नाहीत. ज्यांच्या हाती पैसे आहेत त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचते तेव्हा भट्टी पेटलेली असते.

त्यात अलीकडे आधारची भर पडली. ज्या मुलाचे आधार जुळले तेवढेच संच मान्यतेला धरायचे, असे धोरण आले. खोटा पट रोखणे हा त्यामागचा हेतू, आणि तो चुकीचा नाही. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा खोटे पट कसे उघड झाले ते आपण पाहिले आहे. पण ज्या कातकरी मुलाचा जन्म घरी झाला, ज्याचा दाखला नाही, ज्याच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे आहे, ते मूल वर्गात डोळ्यांसमोर बसलेले असूनही शिक्षक ठरवण्याच्या हिशेबात नसते. ज्याला शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, त्याचीच गणती सर्वांत आधी गळते. कातकरी ही आपल्या राज्यातल्या अतिवंचित आदिम जमातींपैकी एक. त्या मुलाची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. पहिल्या वर्षी त्याला नुसते बोलते करायलाच शिक्षक लागतो.

बदल्यांविषयी थोडक्यात. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी वर्गवारी झाली, वशिल्याला आळा बसला. हे चांगलेच झाले. पण कोकणात नेमणूक मिळालेले बरेच शिक्षक मराठवाड्यातले, विदर्भातले, घाटावरचे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढायची. मानधन २०२३ पर्यंत सहा हजार होते, आता सोळा हजार. म्हातारे आईबाप दूर गावी. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज त्यांनी करू नये असे कोण म्हणेल? मात्र त्यांच्या जागी येणारी भरती वर्षानुवर्षे रखडते, आणि मोकळ्या झालेल्या जागेचा भार उरलेल्या एकावर पडतो. ज्याला वाडीची बोली जेमतेम समजू लागली, तोच निघून जातो. फुल्यांनी स्थानिक शिक्षक मागितला तो का, हे अशा वेळी कळते. आपल्या ठाकर-कातकरी मुलामुलींतून डी.एड. झालेले, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले शिक्षक पुरेसे तयार करणे हे दहा-पंधरा वर्षांचे काम आहे. ते जिल्ह्याने हाती घेतलेले नाही.

मग प्रश्न येतो लहान शाळांचा. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचे सांगण्यात आले. पानशेतची समूह शाळा नमुना म्हणून पुढे आली. एकत्र मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, मुलांना न्यायला गाडी. ऐकायला हे पटते. सपाटीवरच्या, रस्त्यालगतच्या, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या काही शाळांबाबत ते खरेही असेल.

पण मी तुम्हाला इर्शाळवाडीची आठवण करून देतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या त्या वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि पुढे शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतपथके डोंगर चढून गेली. त्या रात्री शाळेच्या इमारतीत झोपलेली काही मुले वाचली, आणि आश्रमशाळेत राहणारी मुले वाचली. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील गेले. त्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा होती, म्हणजे कुणीतरी शिक्षक पावसात तो डोंगर चढून जात होते. अशा वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलाला समूह शाळेची गाडी कुठून उचलणार? त्याने पायथ्याशी उतरून यावे आणि संध्याकाळी पुन्हा चढावे? वाडी धोक्यात असेल तर वाडीचे पुनर्वसन करा, तिच्यासोबत शाळाही न्या. वाडी तिथेच ठेवून शाळा तेवढी खाली आणणे म्हणजे त्या मुलाचा हक्क काढून घेणे आहे. मुलगी असेल तर तिची शाळा त्याच दिवशी संपते.

समूह शाळेला पर्याय जुनाच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षणाचे कार्य उभारणारे जे. पी. नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली: एका मोठ्या शाळेभोवती आसपासच्या लहान शाळा जोडायच्या, शिक्षक, साहित्य, अनुभव एकमेकांना पुरवायचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही संकुल आहे. संकुलात साधने मुलाकडे जातात, समूह शाळेत मूल साधनांकडे जाते. आपल्या डोंगराळ तालुक्यांना पहिला मार्ग हवा. लहान शाळेत कमअस्सलच शिक्षण मिळते, ही समजूतही सोडली पाहिजे. कोलंबिया देशात १९७५ पासून बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्कुएला नुएव्हा’ ही पद्धत उभी राहिली. कर्नाटकात १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झाली. कार्डे, गट, मुलाने आपल्या गतीने पुढे जाणे, थोरल्याने धाकट्याला शिकवणे. आपल्याकडे साताऱ्यातल्या कुमठे बीटाने सरकारी शाळांतच काय होऊ शकते ते दाखवले. दोन शिक्षकांनी पाच वर्ग कसे सांभाळावेत, हे आपल्या प्रशिक्षणात मुख्य विषय म्हणून आले पाहिजे. आज पाठ्यपुस्तकापासून वेळापत्रकापर्यंत सगळे ‘एक इयत्ता, एक वर्ग, एक शिक्षक’ धरूनच आखलेले असते.

दूरवर घेतलेला निर्णय वाडीवर कसा उतरतो, याचा दाखला गणवेशाचा. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा बाजारातल्या शिंप्याकडून मुलांच्या मापाने कपडे शिवून घेत असे. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर, शिलाई बचत गटांकडे. २०२४ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, पावसाळा सरला तरी अनेक ठिकाणी गणवेश आले नाहीत. आले ते मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा समितीला दिले. गणवेशाचा अधिकार परत मिळाला तसे इतर अधिकारही परत मिळाले पाहिजेत. तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान दहा हजार रुपये. त्यात खडू, नोंदवह्या, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. हे पैसे जूनमध्ये हाती आले तर पावसाआधी चार पत्रे बदलता येतात. ते वर्षअखेरीला आले तर ३१ मार्चच्या आत खर्च दाखवण्यासाठी धावपळ होते. मोडकळीस आलेल्या खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव महिनोन्महिने फिरतो. तोवर मुले समाजमंदिरात बसतात, आणि तिथे लग्न असले की घरी जातात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक केंद्रशाळेला एक कारकून द्या. त्या केंद्रातल्या दहा-बारा शाळांची पोर्टले, पगारपत्रके, आहाराचे हिशेब त्याने करावेत. खर्च एका पगाराचा, आणि मोकळा होणारा वेळ वीस-पंचवीस शिक्षकांचा. केंद्रप्रमुखाची एकही जागा रिकामी ठेवू नका आणि त्याला टपाल गोळा करणारा बनवू नका. त्याने वर्गात बसावे. अनुदान शाळा उघडताना द्या. हंगामी वसतिगृहाचा निर्णय दसऱ्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या सहीने घ्यावा. आणि आधार नसलेले मूल केंद्रप्रमुखाने प्रत्यक्ष पाहून प्रमाणित केले की ते पटावर धरा.

यातले बरेचसे अलिबाग आणि मुंबईच्या हाती आहे. एक गोष्ट मात्र या सभागृहात बसलेल्यांच्या हाती आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकच असतो. बहुतेक वाड्यांवर तिच्या सभेचा वृत्तान्त शिक्षकच लिहितात आणि मजुरीवरून आलेल्या आईकडून संध्याकाळी सही-अंगठा घेतात. मजुरी बुडवून सभेला या, असे त्या आईला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. सभा तिच्या सवडीने, संध्याकाळी सातला वाडीतच भरवता येईल. तुमच्यापैकी जे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत, कारखान्यात, कचेरीत काम केलेले आहेत, त्यांनी आपल्या जवळची एक वाडी निवडावी, समितीची परवानगी घेऊन त्या सभेला बसावे, अनुदानाचा कागद वाचून दाखवावा, प्रस्ताव लिहून द्यावा आणि तो तालुक्याला कुठे अडला आहे हे स्वतः जाऊन विचारावे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्यांची पहिली सभा चुकवू नका.